फाईन म्हणजे बारीक

आज लेकीची इंग्रजीची वर्कशीट बघितली आणि डोकंच फिरलं. शब्दांचे अर्थ लिहा, त्यात 'फाईन'. तिने लिहिलेलं 'बारीक'. त्यावर ही मोठी लाल फुली आणि शेजारी 'छान'. मार्क गेला त्याचं काही नाही हो. पण बारीक हा अर्थ चूक कसा काय? तिला तो आजोबांनी शिकवलाय आणि आजोबा तो कसा शिकले हे आमच्या घरात कुणीच विसरलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी बाबांच्या मानेला गाठ आली होती. डॉक्टरांनी सुई घालून तपासून घ्यायला सांगितलं. रिपोर्ट आणायला बाबा एकटेच गेले, मी ऑफिसात. दुपारी त्यांचा फोन, "अगं काही नाहीये, फाईन आहे, वरच लिहिलंय मोठ्या अक्षरात." मी जागेवरच रडले, शेजारच्या दोघींना सांगितलं, घरी फोन केले. संध्याकाळी कागद हातात घेतला तर वर लिहिलेलं, फाईन नीडल ॲस्पिरेशन सायटोलॉजी. बारीक सुईने पेशी ओढून घेऊन केलेली तपासणी. ती सुई साधारण २२ ते २५ गेजची असते, पाऊण मिलिमीटरहून बारीक, म्हणून तिला फाईन म्हणतात. ते तपासणीचं नाव होतं. निकाल पार खाली होता आणि तो चांगला नव्हता.

मला ते बाबांना सांगावं लागलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग एवढंच म्हणाले, "मग वर फाईन कशाला लिहिलंय?"

या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हापासून शोधतेय. डिक्शनरी घेऊन बसले की वेळेचं भान राहत नाही माझं. मूळ शब्द लॅटिन, फिनिस, म्हणजे शेवट, सीमा. तिथून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला आणि त्याला फांद्या फुटत गेल्या. जे अगदी शेवटापर्यंत नेलं, ज्यात आता काही करायचं उरलं नाही, ते फाईन, म्हणजे उत्तम. भांडण मिटवून टाकायला, त्याचा शेवट करायला भरायचे पैसे तेही फाईन, म्हणजे दंड. फिनिश, फायनल आणि फायनान्ससुद्धा याच घरातले. सोन्यावर ९९९ फाईन असतं ते शुद्धतेचं माप, हजारातले ९९९ भाग सोनं. क्रिकेटमध्ये बॉल 'फाईन' गेला म्हणजे छान गेला असं नाही, तो कीपरच्या मागच्या अंगाला गेला, म्हणून तिथला फिल्डर फाईन लेग. आणि हवेतले ते पीएम २.५, अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण, त्यांनाही फाईन पार्टिकल्सच म्हणतात, आणि ते फुफ्फुसात खोलवर जाऊन बसतात. सांगा, यात छान काय आहे?

हॅम्लेटमध्ये तर कबरस्तानात एक कवटी बघून, ती एखाद्या वकिलाची असेल अशी कल्पना करून, हॅम्लेट एकाच वाक्यात हा शब्द चार अर्थांनी वापरतो. शेवट, कोर्टातला व्यवहार, देखणं डोकं आणि त्यात भरलेली बारीक माती. चारशे वर्षांपूर्वीचं नाटक आहे हे! आणि आम्ही पोरांना शिकवतो फाईन बरोबर छान, पाठ करा, पुढचा शब्द.

आणि आपल्याला हे नवीन आहे का? आपल्या 'लागणे'कडे बघा ना. भूक लागते, ठेच लागते, वेळ लागतो, आग लागते, नाद लागतो, नोकरी लागते, दार लागतं, मीठ जरा जास्त लागतं, बोलणं मनाला लागतं. यातलं एक घेऊन बाकीच्यांवर फुली मारली तर चालेल आपल्याला? मग इंग्रजी शब्द आला की आपली अक्कल कुठे जाते?

हो, मान्य, सुरुवातीला एकच अर्थ द्यावा लागतो, आणि एका शिक्षिकेने वर्गभर वह्या तपासायच्या म्हणजे उत्तरसूचीतलंच बघणार. ठीक आहे. पण मग निदान फुली नका मारू, 'हाही अर्थ आहे' एवढे तीन शब्द लिहा.

खरा राग मला त्या फुलीचा नाहीच बहुतेक. बाबांचा तो किस्सा नंतर नातेवाइकांत हसून सांगितला गेला, त्याचा आहे. "त्यांना वाटलं फाईन म्हणजे फाईन!" अरे, त्यांना शाळेत हेच शिकवलं होतं! हाऊ आर यू, आय ॲम फाईन. दुसरा अर्थ कुणी दिलाच नाही त्यांना. जे शिकवलं ते त्यांनी अगदी बरोबर वाचलं. आणि ज्या माणसाला कळायला हवं त्याच्याच हातात असा कागद देताना, वरचं हे नुसतं तपासणीचं नाव आहे बरं का काका, एवढं सांगायला काउंटरवर कुणाला किती वेळ लागला असता?

बाबांचं ऑपरेशन झालं, पुढची ट्रीटमेंट झाली, ते आज आहेत, तब्येत चांगली आहे. रोज फोनवर मी विचारते कसे आहात, तर म्हणतात 'बरा आहे'. फाईन हा शब्द त्यांनी स्वतःसाठी त्यानंतर एकदाही वापरलेला नाही, माझ्या लक्षात आलंय ते.

मघाशी लेकीने स्वतःच त्यांना फोन लावला. रडवेली झाली होती, आजोबा तुम्ही सांगितलेलं चूक निघालं म्हणून. मी स्पीकरवर ऐकत होते. बाबा जरा थांबले आणि म्हणाले, "चूक नाही बाळा. उद्या बाईंना सांग, माझ्या आजोबांच्या मानेत गेलेली सुई फाईन होती." मग म्हणाले, "आणि छान पण लिही. दोन्ही लिही."

ती आत्ता लिहितेय. फुलीच्या खाली, पेन्सिलने.