गाडी गणपतीक गावतली

कोकणात रंग बघून जुन्या जीपचा भाव करणारा माणूस एक तर घाटावरून आलेला असतो, नाही तर गाडीच्या प्रेमात पडलेला. दोघांनाही इलाज नाही. बाकीच्यांनी आधी पायाखालचं मॅट उचलावं. "अहो, खाली काय बघायचंय?" म्हणत मालक मॅटवर जितका घट्ट उभा राहील तितका खाली पत्रा कमी, हे आमचं गणित सहसा चुकत नाही.

मग लोहचुंबक आणि जुना स्क्रू ड्रायव्हर काढायचा. चुंबक धरत नसेल तिथे पत्रा नाही, लांबी म्हणजे पुट्टी आहे. रंग पापडासारखा फुगलाय तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचायचा; आरपार गेला तर मालकाकडे बघू नये, त्याला ठाऊक असतं. दारांचा खालचा काठ, बॅटरीची बैठक, काचेच्या फ्रेमचे कोपरे आणि बॉडी चासीवर बसते ते पट्टे, एवढं तपासल्याशिवाय पुढचं बोलू नये. दारात शिरलेलं पाणी निघावं म्हणून खाली भोकं ठेवलेली असतात. आपल्याकडची तांबडी माती ती बुजवते आणि दार आतून कुजतं. गाडी मासळीच्या धंद्यातली असेल तर वितळलेल्या बर्फाचं खारं पाणी हौद्यातून थेट चासीच्या पोकळीत उतरलेलं असतं. वास जातो, मीठ जात नाही.

म्हणून गाडी घेतली की ग्राइंडर लावण्याआधी धुणं. भरपूर, आणि गोड्या पाण्याने. किनाऱ्यालगतची विहीर मचूळ असते. त्या पाण्याने गाडी धुणारे महाभाग मी पाहिलेत. मीठ काढायला मीठच.

पत्रा कुजलाय तिथे वरून ठिगळ मारू नये. दोन पत्र्यांच्या मधे पाणी साचतं आणि नवा पत्राही जुन्याच्या वाटेने जातो. चांगला चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापावं आणि १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटरचा तुकडा कडेला कड भिडवून बसवावा. वेल्डिंग सलग ओढलं की पत्रा तापून लाटा मारतो. इथे एक टाका, मग समोरच्या बाजूला एक, गार होऊ द्यायचं, पुन्हा मधल्या जागी. आणि त्याआधी पेट्रोलची टाकी खाली काढायची. "रिकामीच आहे" म्हणणाऱ्याला चार हात लांब उभं करावं; रिकाम्या टाकीत वाफ असते आणि भडका वाफेचा उडतो.

उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही. आपल्या हवेत सकाळी त्यावर केशरी छटा आलेली असते आणि ती पुसून रंग मारला की गंज तुम्ही स्वतःच आत कोंडलेला असतो. त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर. नुसत्या रेड ऑक्साइडवर आमचे मेस्त्री फार श्रद्धा ठेवून आहेत, पण त्यातून ओल आत जाते. लांबी त्यानंतर, तीही दोन-तीन मिलिमीटरच्या वर नको. लांबीने खड्डा बुजतो, भोक नाही.

हे सगळं दिवाळीनंतर काढावं आणि मृगाच्या आत रंगासकट संपवावं. इंजिन छपराखाली पावसातही भरता येतं. पण लोक उलटं करतात. इंजिनात पुरुषार्थ दिसतो, पत्र्यात नुसती धूळ. मग नवं भरलेलं इंजिन कुजक्या चासीसमोर लाकडी ठोकळ्यांवर पावसाळा काढतं आणि विचारलं की मेस्त्री म्हणतात, "गणपतीक गावतली," म्हणजे गणपतीला मिळेल. खयच्या वरसाच्या गणपतीक, ता इचारू नये.

इंजिनाचं बोलू. जीपवाल्या विलिज कंपनीने १९५० मध्ये आणलेलं हरिकेन हे चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन महिंद्राच्या जुन्या गाड्यांतही होतं. त्याचे इनटेक व्हॉल्व हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये. हेडचे सगळे बोल्ट काढले तरी हेड हलत नाही, मग पहार आणा, तुझा हात लाव, माझा हात लाव सुरू होतं. थांबा. कार्ब्युरेटर उतरवा आणि त्याखालच्या भोकात बघा. तिथे एक बोल्ट बसलेला असतो. तो तसाच ठेवून पहार लावली की हेडला तडा जातो आणि पुढची चर्चा भंगारवाल्याशी होते.

पिस्टन वर ढकलण्याआधी सिलिंडरच्या तोंडाशी झिजेने राहिलेली कड काढायची, नाही तर रिंगेची खाच तुटते. बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, वर-खाली आणि आडवा-उभा मोजायचा. वीस साइज म्हणजे बोअर इंचाचे वीस हजारांश मोठा, अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. पिस्टन हातात आल्यावरच ब्लॉक बोअर करायला द्यावा. क्रँक घासून दहा हजारांश उतरवला तर बेअरिंगही दहाचीच. ब्लॉकचे वेल्श प्लग, म्हणजे भोकांवर ठोकलेली पत्र्याची बुचं, उपटून पाण्याच्या वाटेतला गाळ खरवडायचा, विशेषतः मागच्या चार नंबरच्या सिलिंडरपाशी. तिथे गाळ राहिला की गाडी चढावर तापते आणि शिव्या रेडिएटर खातो.

बोअर होऊन आलेला ब्लॉक गरम पाणी आणि साबणाने घासायचा, पांढरं फडकं फिरवून पांढरंच निघेपर्यंत, आणि लगेच ऑइल चोपडायचं. चहा प्यायला थांबायचं नाही.

रिंग आधी बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधल्या फटीत फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, घालायची. बोअरच्या दर इंचाला इंचाचे चार हजारांश हा ढोबळ हिशेब. या इंजिनाच्या सव्वातीन इंचांहून किंचित लहान बोअरला सुमारे ०.०१२ इंच. फट कमी पडली तर तापल्यावर टोकं भिडतात आणि रिंग बोअर खरवडते. प्रत्येक बेअरिंगची टोपी आवळली की क्रँक हाताने फिरवून बघावा. अडला तर शेवटच्या टोपीत घोळ आहे. सगळ्या आवळून झाल्यावर अडला तर शोधत बसा.

सुरू करण्याआधी स्पार्क प्लग काढून, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत स्टार्टर मारायचा. नव्या रिंगा बोअरला बसेपर्यंत, पहिले काही शे किलोमीटर, वेग कमी-जास्त ठेवत हलकं चालवायचं, पाचशेला ऑइल बदलायचं, हेड पुन्हा आवळायचं. जड भार अजिबात नको.

नेमके तेव्हाच शेजारचे अण्णा गडग्यापाशी येतात. "झाली मां गाडी? मगे उद्या खाणीवरसून चिरे हाडूया."

"अण्णानू, अजून रिंगा बसाक व्हयत."

"चिरे भरले काय आपसूक बसतले."