जॉर्जियात चालत आलेला माणूस

कोथरूडच्या मामेभावाने ‘रीचर’ या अमेरिकी मालिकेचा पहिला सीझन दोन रात्री जागून संपवला आणि फॅमिली ग्रुपवर दोन मतं टाकली. एक, मराठीत असला नायक का निघत नाही? दोन, आपल्याकडच्या गुंडांना असाच माणूस पाहिजे, कोर्टकचेऱ्या पुरे झाल्या. पहिल्या मतावर थोडी चर्चा झाली, दुसऱ्यावर नुसता अंगठ्यांचा पाऊस. मी अटलांटाजवळ अल्फारेटात राहते, म्हणजे मालिका जिथे घडते त्याच जॉर्जिया राज्यात. त्यामुळे ‘ताई, तू तिथलीच, तूच सांग’ असं फर्मान सुटलं.

सीझन चांगला आहे, हे आधी मान्य करून टाकते. ली चाइल्ड या टोपणनावाने लिहिणाऱ्या इंग्रज लेखकाची मँचेस्टरच्या ग्रॅनडा टेलिव्हिजनमधली नोकरी १९९५मध्ये गेली आणि तो कादंबरीकडे वळला. १९९७ची ‘किलिंग फ्लोर’ ही त्याची पहिली कादंबरी, नायक जॅक रीचर. तिच्यावरच फेब्रुवारी २०२२मध्ये प्राइम व्हिडिओवर आलेले हे आठ भाग बेतले आहेत. एका सीझनला एकच कादंबरी, हा निर्णय शहाणपणाचा. दोन तासांच्या सिनेमात रीचर नुसता हाणामारी करतो, आठ भागांत त्याला विचार करायला वेळ मिळतो. सिनेमात रीचर झालेल्या टॉम क्रूझच्या उंचीवरून वाचकांनी केलेली कुरकुरही मालिकेतल्या ॲलन रिचसनचे खांदे पाहून थांबली.

सगळ्यात सरस आहे ती सुरुवात. रीचर हमरस्त्यावर बसमधून उतरून मार्ग्रेव्ह गावात चालत येतो. हातात पिशवीसुद्धा नाही. डायनरच्या बाहेर एक पुरुष आपल्या मैत्रिणीवर खेकसतोय. रीचर नुसता उभा राहून बघतो. तो माणूस आधी गुरकावतो, मग अडखळतो, मग तिची माफी मागतो. संवाद शून्य. आत जाऊन हा पीच पाय मागवतो, आणि पहिला घास घेण्याआधीच पोलीस बंदुका रोखून आत येतात. पहिली कित्येक मिनिटं नायक तोंडातून अक्षर काढत नाही, आणि तोवर तो कोण आहे हे आपल्याला कळलेलं असतं. आपल्याकडच्या मालिकांत एवढ्यासाठी बॅकग्राउंडला तबला आणि तीन कॅमेऱ्यांतून तोच चेहरा लागला असता.

पण पुस्तकातलं एक काही केल्या पडद्यावर येत नाही. तिथे रीचर स्वतः गोष्ट सांगतो. त्याचं डोकं कसं चालतं ते त्याच्याच तोंडून कळतं, त्यामुळे मारामारीसुद्धा गणितासारखी वाचली जाते. पडद्यावर त्याला ते सगळं फिनली नावाच्या डिटेक्टिव्हला समजावून सांगावं लागतं, आणि पाचव्या-सहाव्या भागापर्यंत ही युक्ती उघडी पडते. शेवटचा भाग तर मला साफ आवडला नाही. गोदाम, आग, गोळीबार. इतकी सावकाश रचलेली गोष्ट एखाद्या सर्वसाधारण हाणामारीपटासारखी संपते.

(ज्यांनी पाहिलेली नाही त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) गावातला गुन्हा नकली नोटांचा आहे. अमेरिकेच्या सगळ्या नोटा एकाच आकाराच्या आणि एकाच जातीच्या कागदाच्या, म्हणून एक डॉलरच्या नोटेची शाई धुऊन काढायची आणि त्याच अस्सल कागदावर शंभर छापायचे. आपल्याकडे हे सुचणारच नाही, कारण दहाची आणि पाचशेची नोट शेजारी ठेवली की लांबीतच फरक दिसतो. १९९७मध्ये ही कल्पना झकास होती. पण २०१३पासून शंभर डॉलरच्या नोटेत निळी पट्टी कागदातच विणलेली असते, ती एक डॉलरच्या कागदात कुठून येणार? जुन्या नोटा अजून चलनात आहेत, तेवढ्यावर कथा तगते. पंचवीस वर्षांपूर्वीचं कथानक आजच्या काळात आणताना असे सांधे कुरकुरतात.

आता जॉर्जियाबद्दल. इथलं सरकार सिनेमावाल्यांना खर्चाच्या तीस टक्क्यांपर्यंत करसवलत देतं. त्यामुळे अटलांटा पडद्यावर वाटेल ते शहर होतं आणि सिनेमाच्या शेवटी पीचचं चिन्ह झळकतं. आणि खुद्द जॉर्जियातलं हे गाव उभारलं कुठे, तर कॅनडात, ऑन्टारियोत! इथे राहणाऱ्याला ते लगेच कळतं. कोकणासारखी तांबडी माती नाही, झाडंझुडपं गिळून बसलेली कुडझूची वेल नाही, उन्हाचा तो दमट पिवळेपणा नाही. रीचर मार्ग्रेव्हला येतो तो ब्लाइंड ब्लेक हा ब्लूज गायक तिथे वारला असं त्याच्या भावाने सांगितलं म्हणून. खरा ब्लाइंड ब्लेक १९३४मध्ये मिलवॉकीत वारला, आणि ते संशोधकांनाही २०११मध्ये कळलं. पण अशा चुकांवर मालिका तोलणं बरं नाही. गाव खोटं असलं तरी गोष्ट खरी वाटू शकते.

मला खटकलं ते त्याचं चालणं. आमच्या वसाहतीत सगळीकडे फुटपाथ नाहीत आणि पायी चालणारा माणूस दिसला की कुणीतरी गाडी हळू करतंच. बाबा इथे येतात तेव्हा सकाळी फिरायला जातात, आणि मी त्यांच्या खिशात इंग्रजीत पत्ता व फोन नंबर लिहिलेलं कार्ड घालते. ‘मी काय हरवणार आहे का?’ म्हणून ते रागावतात. कार्ड हरवण्यासाठी नाही. फेब्रुवारी २०१५मध्ये शेजारच्या अलाबामा राज्यात मॅडिसन गावी नातवाला सांभाळायला आलेले एक गुजराती आजोबा असेच सकाळी फिरत होते. कुणीतरी संशयाने पोलिसांना फोन केला. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसाने त्यांना खाली आपटलं, मणक्याला इजा झाली, अंग लुळं पडलं. त्या पोलिसावर दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा ज्यूरीचं एकमत झालं नाही आणि शेवटी न्यायाधीशाने त्याला सोडलं. खुद्द जॉर्जियात, ब्रन्सविकजवळ, २०२०मध्ये धावायला निघालेल्या एका कृष्णवर्णीय तरुणाचा तिघा गोऱ्यांनी गाड्या घेऊन पाठलाग केला आणि गोळ्या घालून मारलं. ‘चोर वाटला, पकडत होतो’, हा त्यांचा बचाव. त्यानंतर २०२१मध्ये राज्याने सामान्य नागरिकाला अटकेचा अधिकार देणारा १८६३पासूनचा कायदा रद्द केला. त्या तिघांना जन्मठेप झाली जानेवारी २०२२मध्ये. पुढच्या महिन्यात ‘रीचर’ आली.

ही मालिका या सगळ्याबद्दल नाही, आणि तिने असावं असंही माझं म्हणणं नाही. पण पिशवी नाही, फोन नाही, घर नाही, तरी मजेत फिरायचं, ही चैन सहा फुटांहून उंच गोऱ्या माजी लष्करी अधिकाऱ्याला परवडते. पडद्यासमोर बसून ते स्वातंत्र्य मीही उपभोगते, दार लावून.

म्हणून भावाच्या दुसऱ्या मताशी मी भांडले. ‘असाच माणूस पाहिजे’ म्हणतोस, पण गोष्ट सुरू कशी होते ते पाहिलंस का? पोलिसांची खात्री असते की खून याच परक्याने केलाय. खात्री शंभर टक्के, आणि चूकही शंभर टक्के. मार्ग्रेव्हच्या पोलिसांनी त्याच डायनरमध्ये ‘एन्काउंटर’ उरकलं असतं तर मालिका दहाव्या मिनिटाला संपली असती. रीचर वाचतो तो त्याचा बसचा प्रवास कुणीतरी तपासून पाहतं म्हणून. पुढे रीचर धडाधड माणसं मारतो तेव्हा आपण टाळ्या पिटतो, कारण दोषी कोण हे लेखकाने आपल्याला आधीच सांगितलेलं असतं. खऱ्या गावात लेखक नसतो.

डिसेंबर २०१९मध्ये हैदराबादला बलात्कार-खुनाच्या आरोपावरून पकडलेल्या चौघांच्या एन्काउंटरनंतर पोलिसांवर फुलं उधळली गेली. आमच्या ग्रुपवरही फुलंच होती. पुढे सर्वोच्च न्यायालयाने माजी न्यायमूर्ती सिरपूरकर यांचा आयोग नेमला. त्याचा अहवाल मे २०२२मध्ये बाहेर आला: पोलिसांनी जीव घेण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या, आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा. अहवालाची बातमी मीच ग्रुपवर टाकली होती. त्यावर एकही अंगठा आला नाही. ‘तुला तिकडे एसीत बसून बोलायला काय जातंय’, असं मामा म्हणाले. त्यात थोडं तथ्य आहे. पंधरा-पंधरा वर्षं रेंगाळलेल्या खटल्याच्या तारखा मला घ्याव्या लागत नाहीत. पण त्या गुजराती आजोबांची घटना तिकडची नाही, इकडची आहे, आणि ‘वाटलं म्हणून’ हात टाकणाऱ्यांची भीती मला इथेच कळली.

राहिलं पहिलं मत. मराठीत नायकांचा तुटवडा कधीच नव्हता. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार, सुशिंचा, म्हणजे सुहास शिरवळकरांचा, दारा बुलंद आणि फिरोज इराणी, गुरुनाथ नाईकांचा ढीग; सुट्टीत लायब्ररीत यांच्यासाठी नंबर लागायचे. सुशिंच्याच कादंबरीवर २०२०मध्ये ‘समांतर’ ही वेब मालिका आली आणि लोकांनी ती आवडीने पाहिली. तेव्हा पैसा नाही, प्रेक्षक नाही ही रड पुरी. एक कादंबरी, आठ भाग, आणि नायकाच्या बालपणाला पहिल्या सीझनमध्ये हात लावायचा नाही, एवढं ठरवलं तरी निम्मं काम झालं.

पण मराठी रीचर लिहिणाऱ्याला एक अडचण पहिल्याच प्रसंगात येणार, आणि मला वाटतं खरी मालिका तिथेच आहे. अनोळखी माणूस तालुक्याच्या एसटी स्टँडवर उतरतो, समोरच्या हॉटेलात मिसळ मागवतो. पाव येण्याआधी गल्ल्यावरचा मालक विचारतो, ‘कुठले पाहुणे?’ आणि लगेच पुढचा प्रश्न, ‘आडनाव काय?’ अमेरिकेतला रीचर नुसत्या आडनावावर आठ भाग काढतो. आपल्या नायकाने ते सांगितलं की मिसळ कुठल्या टेबलावर येणार, लॉजवर खोली मिळणार की नाही, आणि रात्री खून झाला तर पोलीस आधी कुणाच्या दाराशी जाणार, हे सगळं त्या एका उत्तरात ठरून जातं.