पेढा, विहार आणि ऐक्य

१ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण, म्हणजे त्यांच्या आरक्षणाची गटवार वाटणी, करण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. त्या दिवशी अण्णाभाऊ साठे यांची जयंती होती. येरवड्यातल्या आमच्या वस्तीत मंडपापुढे हलगी वाजत होती, आणि समोरच्या गल्लीतल्या मातंग शेजाऱ्याने निकालाचा म्हणून पेढा आणून हातावर ठेवला. संध्याकाळी विहारात याच निकालावर बोलणे निघाले तेव्हा सूर निराळा होता : हा आपल्याला फोडण्याचा डाव आहे. मंडप आणि विहार यांच्यात वीस-पंचवीस पावलांचे अंतर आहे. मी दोन्हीकडे होतो आणि दोन्हीकडे गप्प बसलो, हे कबूल करतो.

आमच्याकडे निवडणूक जवळ आली की कोणीतरी ज्येष्ठ हमखास म्हणतात, 'गट-तट सोडा, आधी ऐक्य करा.' त्यांच्या डोळ्यांपुढे १९९८ असते. त्या वर्षी प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले आणि जोगेंद्र कवाडे हे चौघेही रिपब्लिकन नेते खुल्या मतदारसंघांतून लोकसभेवर गेले होते. तो आनंद खोटा नव्हता. पण त्या यशामागे काँग्रेसशी केलेली आघाडी होती, आणि वर्षभरात वाटा पुन्हा वेगळ्या झाल्या, हे सांगताना ज्येष्ठांचा आवाज खाली जातो.

मला वाटते, ऐक्य ऐक्य म्हणताना आपण नेत्यांकडेच पाहत राहिलो आणि मतदार केव्हा पुढे निघून गेला हे पाहायचे राहिले. २०१९ च्या लोकसभेला प्रकाश आंबेडकरांच्या वंचित बहुजन आघाडीला राज्यात सुमारे ७ टक्के मते मिळाली. २०२४ मध्ये ती ३ टक्क्यांच्याही खाली आली. संविधान बदलले जाईल या भीतीने आमच्या वस्तीतल्या बायकांनी, पोरांनी, कोणत्याही नेत्याचा आदेश नसताना मत फिरवले. सहा महिन्यांनी विधानसभेला त्यातलेच काहीजण पुन्हा वेगळीकडे गेले. याला कोणी फितुरी म्हणतात. मी म्हणणार नाही. ज्या येरवड्याच्या तुरुंगात २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला, त्याच्या सावलीत आम्ही राहतो. स्वतंत्र मतदारसंघ जाऊन संयुक्त मतदारसंघात राखीव जागा आल्या, त्यामुळे उमेदवार कोणत्या जातींतला असावा हे कायदा सांगतो आणि त्यांपैकी कोणता असावा हे पक्षाचे कार्यालय ठरवते. आज पुणे कॅन्टोन्मेंट आणि पिंपरी या आपल्याकडच्या राखीव जागा आहेत. तिथे निवडून येणाऱ्याला आमच्यापेक्षा तिकीट देणाऱ्याची जास्त काळजी वाटली तर नवल नाही. अशा रचनेत मतदार हिशेब करूनच मत देणार.

मात्र हाच हिशेब घरात मांडायची वेळ आली की आपण बिचकतो. महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत ५९ जाती आहेत आणि आरक्षण १३ टक्के. मातंग संघटना अ, ब, क, ड अशी वर्गवारी मागतात, कारण शिक्षणात आणि नोकरीत बौद्ध पुढे गेले हे त्यांना रोज दिसते. कंत्राटी भरतीने ते १३ टक्केच पोकळ होत चालले असताना वाटणीवरून भांडायचे का, हा आमच्या लोकांचा प्रश्न रास्त आहे, आणि जातवार आकडे हाती आल्याशिवाय वर्गवारी करू नये असे माझेही मत आहे. पण आकडे मागण्यात आपण पुढे का नसावे? ज्याने पेढा दिला त्याला 'डाव' हे उत्तर होऊ शकत नाही.

मागच्या रविवारी विहारातल्या बैठकीत मी सुचवले की पुढच्या वेळी समोरच्या गल्लीतल्या मंडळींनाही बोलावू. ऐक्याची हाक देणारे तेच काका म्हणाले, 'त्यांना कशाला? ही आपली बैठक आहे.'