फ्रीहोल्ड म्हणे!

इंग्लंडमधल्या ज्या गावात मी भाड्याने द्यायला नवं घर घेतलं, त्याचं नाव लिहितात बाइसेस्टर आणि म्हणतात बिस्टर. मधली अक्षरं सरळ गिळून टाकायची. मला तेव्हाच कळायला हवं होतं की इथे कागदावर एक असतं आणि पदरात दुसरंच पडतं.

आज सकाळी बिल आलं. ४१२ पौंड. कशाचे? गवताचे! घरामागच्या गवताचे नाहीत, ते मी आणि भाडेकरू बघतो. कॉलनीच्या तोंडाशी असलेली हिरवळ, पावसाचं पाणी साचायला खणलेलं एक डबकं आणि दोन झोपाळे, त्यातला एक मार्चपासून तुटलेला, यांच्या 'व्यवस्थापनाचे' हे पैसे. नमुना घर दाखवणाऱ्या त्या गोडबोल्या बाई म्हणाल्या होत्या, "वर्षाला साधारण १८६." साधारण! बरं, ही हिरवळ सगळ्यांना खुली. अर्धं गाव तिथे कुत्री फिरवायला येतं. माझा भाडेकरू पूर्ण काउन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, भरतो, जुन्या वस्तीतले लोक भरतात तसाच. त्यांच्या गल्लीतलं गवत त्या टॅक्समधून कापलं जातं, आमचं मात्र माझ्या खिशातून.

साताऱ्याला बाबांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "अरे, पण जागा तुझ्या नावावर आहे ना?"

"हो बाबा, फ्रीहोल्ड आहे. म्हणजे जमिनीसकट कायमची मालकी."

"मग हे पैसे कुणाला देतोस?"

काय सांगू? मलाही नीट माहीत नाही. बिल्डरने नेमलेल्या कुठल्याशा कंपनीला. तिला मी निवडलेलं नाही, मी काढूही शकत नाही. वाकडला फ्लॅट घेतला असता तर सोसायटीच्या सभेत उभं राहून सेक्रेटरीशी तावातावाने भांडता तरी आलं असतं. चहा-समोसा मिळाला असता तो वेगळाच. इथे भांडायला माणूसच नाही. पोर्टल आहे.

आणि हे बिल भरलं नाही तर? आमच्या खरेदीखतात याला रेंटचार्ज म्हटलंय. १९२५ च्या मालमत्ता कायद्याच्या कलम १२१ नुसार तो ४० दिवस थकला, तर वसुलीसाठी घराचा ताबा घेण्यापर्यंत किंवा घरावर लीज, म्हणजे भाडेपट्टा, चढवण्यापर्यंत मजल जाऊ शकते. १९२५! तेव्हा इथे पंचम जॉर्ज गादीवर होता. माझ्या कर्जाच्या बँकेने ते कलम बघून सरळ नकार दिला. मग वकिलांनी दुरुस्तीचा कागद करून घेतला, त्यात तीन आठवडे गेले, आणि फी अर्थातच वेगळी. म्हणजे बँकेला वेळेत कळलं. मला कळायला बिल यावं लागलं.

बरं, मी एकटाच मूर्ख आहे असंही नाही. इथल्या स्पर्धा आयोगाने, सीएमएने, फेब्रुवारी २०२४ मध्ये अहवाल दिला. ११ मोठ्या बिल्डरांनी २०२१-२२ मध्ये विकलेल्या नव्या घरांपैकी ८० टक्के घरांच्या मानगुटीवर असलाच चार्ज बसलाय. रस्ते, हिरवळ हे सगळं काउन्सिलकडे सोपवायचं नाही, घरमालकांच्या गळ्यात मारायचं आणि नामानिराळं व्हायचं. फक्कड धंदा!

हे सगळं कशापायी, तर दिवाळीच्या कार्यक्रमात एका जाणकाराने दिलेल्या सल्ल्यापायी. "नवं घर घे रे, १० वर्षांची वॉरंटी, डोक्याला ताप नाही. तासाभरात लंडनचं मेरिलबोन स्टेशन, भाडेकरू रांग लावतील." भाडेकरू मिळाले, चांगले मिळाले, त्यांच्याबद्दल माझा एक शब्द नाही. वॉरंटीचं म्हणाल तर बिल्डरची जबाबदारी पहिली २ वर्षं, पुढे मुख्यतः भिंत-छप्पर-पाया. न्हाणीघराचं दार पहिल्या दिवसापासून लागत नाही, ते 'नोंदवलेलं आहे'.

आता हिशेब ऐका. घर ३,४०,००० पौंडांचं. स्टँप ड्यूटी २४,०००. त्यातले १७,००० निव्वळ 'दुसरं घर' म्हणून, कारण ३१ ऑक्टोबर २०२४ पासून तो जादा कर ३ वरून ५ टक्के झाला आणि आम्ही शहाणे उतरलो २०२५ मध्ये. भाडं महिना १,४००, म्हणजे वर्षाला १६,८००. कर्जाचं नुसतं व्याज १३,२६०. एजंट २,०१६. गवत ४१२. उरले १,११२. वाटलं, चला, पोरांना घेऊन एक पुण्याची फेरी तरी निघेल. पण २०२० पासून व्याज खर्च म्हणून वजाच करता येत नाही, फक्त २० टक्क्यांची सूट मिळते, आणि मी ४० टक्केवाल्यांत. कर आला ३,०९७. म्हणजे वर्षाकाठी जवळजवळ दोन हजार पौंड घालून मी 'गुंतवणूकदार' म्हणून मिरवतोय. विमा आणि बॉयलरची तपासणी यात धरलेलीच नाही. बायकोला हा कागद अजून दाखवलेला नाही.

विकून मोकळा हो, म्हणाल. तेही विचारून झालं. विकायला त्याच कंपनीची माहितीची फाइल लागते आणि 'याची काही थकबाकी नाही' असा दाखला लागतो. दोन्हीचे मिळून ३६० पौंड. भरतो म्हटलं बाबा, घे! सव्वाअकरापासून फोन लावून बसलोय. रांगेत नववा आहे. समोर भाडेकरूने पाठवलेला फोटो आहे, गवत गुडघ्यापर्यंत आलंय.