जल, तरू, तृण आणि वृक्ष अधिकारी

बंगला विकताना जे खरेदीखत होतं, त्यात चतुःसीमा संपल्या की एक भारदस्त ओळ येते. मिळकत ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह’ विकली आहे, असं ती सांगते. ही ओळ कोणी वाचत नाही. खरेदीदार क्षेत्रफळ वाचतो, विक्रेता रक्कम वाचतो आणि दोघांचे वकील एकमेकांच्या चुका वाचतात. मला मात्र ती फार आवडते. सातापैकी सहा गोष्टी कशा निमूटपणे या हातातून त्या हातात जातात. पुरलेला हंडा निघालाच तर त्याला १८७८चा वेगळा कायदा आहे, पण हंडा सहसा निघत नाही. भानगड करतो तो तरू, कारण तो सगळ्यांना दिसतो.

गिऱ्हाईक बंगला बघून खूश होतं. हवा आहे, उजेड आहे, सावली आहे. मग विसाराची रक्कम ठरवताना ते हळूच म्हणतं, ‘‘काका, बाकी सगळं पसंत आहे. फक्त तेवढा आंबा व्यवहाराच्या आधी काढून द्या ना.’’ ज्या सावलीवर भाळून तो आला, ती त्याला आता नको असते. तिथे त्याला दुसरी गाडी लावायची असते. काकाही म्हणतात, ‘‘त्यात काय एवढं, रविवारी दोन माणसं बोलावतो.’’ या एका वाक्यात पुढच्या सगळ्या मनस्तापाची कोय रुजलेली असते.

काकांचा हिशेब सरळ आहे. जागा माझी, झाड आजोबांनी लावलेलं, पाणी मी घातलं, तर कुऱ्हाडही माझीच. पहिल्या तिन्ही गोष्टी कायद्याला मान्य आहेत. चौथीसाठी १९७५चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे, आणि तो महापालिकेच्या हद्दीतल्या खासगी अंगणातही लागू होतो. त्यात झाड म्हणजे लाकडी खोडाची कोणतीही बारमाही वनस्पती. म्हणजे केळ सुटली, पण शेवगा अडकला. ‘शेवगा काय, पुन्हा येतोच’ ही सबब कायद्यात नाही. तोडणे या शब्दाची व्याख्या तर याहून लांब हात पसरते. कापणं, जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं तोडण्यातच मोडतं. त्यामुळे झाडावर पालिकेची नोटीस लावायची तर तीसुद्धा सुतळीने बांधलेली बरी. खिळा ठोकून ‘झाडाला इजा करू नये’ हे सांगणं जरा विचित्र दिसतं.

आपल्याला हे फार वाटत असेल तर गोव्याकडे बघावं. तिथल्या १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्यातून २०१६ साली माड वगळला गेला. एका दुरुस्तीनिशी गोव्यातले उंचच उंच माड कायद्यापुरते झाड राहिले नाहीत. अर्थातच आरडाओरडा झाला. पुढच्याच वर्षी माडाला पुन्हा झाडांत घेतलं आणि वर राज्यवृक्षाचा मानही दिला. इतक्या झटपट निलंबन आणि बढती सरकारी नोकरीतही कोणाला मिळाली नसेल.

तर काकांनी तोडायच्या परवानगीसाठी अर्ज करायचा. तो पालिकेच्या उद्यान विभागात वृक्ष अधिकाऱ्याच्या नावे जातो. मालकीचा पुरावा म्हणून मिळकत पत्रिका किंवा सातबारा, मिळकतकराची चालू पावती, झाड नेमकं कुठे आहे ते दाखवणारा जागेचा नकाशा, झाडाचे बुंध्यापासून शेंड्यापर्यंत फोटो, आणि सहमालक असतील तर त्या सगळ्यांची संमती. इथे पहिली ठेच लागते. बंगला वडिलांच्या नावावरून तीन भावंडांवर आलेला असतो. विकायला तिघेही तयार असतात, पण आंबा तोडायच्या संमतीवर सही करताना नाशिकच्या ताईंना अचानक लहानपणीच्या कैऱ्या आठवतात. घराच्या किमतीत त्यांचा तिसरा हिस्सा असतो. आंब्यात मात्र त्यांना पूर्ण हिस्सा हवा असतो.

अर्जात एक रकाना कारणाचा. झाड मेलं आहे, रोगट आहे, वाऱ्याने कललं आहे, जीविताला किंवा मालमत्तेला धोका आहे, रहदारीला अडथळा आहे, वीज पडून जळालं आहे, अशी कारणं कायद्याला कळतात. ‘घर विकायचं आहे’ हे कारण त्यात नाही. पानांचा कचराही नाही, दुसरी गाडीही नाही. ‘वास्तुशास्त्राप्रमाणे ईशान्येला मोठं झाड नको’ असं लिहिलेला अर्ज मी तरी कोणाला करू देणार नाही. पाहणीला येणारा माणूस बुंध्याची पोकळी, बुरशी, खोडकिड्याची भोकं आणि झाडाचा कल बघतो. त्याच्या हातात होकायंत्र नसतं. औदुंबर असला तर मात्र प्रश्न पालिकेपर्यंत पोचतही नाही. झाड तोडणारी माणसंच चपला काढून नमस्कार करतात आणि निघून जातात. १९७५च्या कायद्याला जे जमलं नाही, ते दत्तगुरूंनी केव्हाच करून ठेवलं आहे.

धोकादायक म्हणावं तर आंबा ठणठणीत. मग काका वय कमी सांगतात. ‘‘असेल पंचवीसेक वर्षांचा.’’ याला कारण आहे. २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं आणि त्यावरचं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरतं. शिवाय जेवढं झाडाचं वय, तेवढी नवी झाडं लावायची असा हिशेब आहे. रोपं किमान सहा फुटांची हवीत, त्यांचं जिओटॅगिंग, म्हणजे नकाशावर जागेची नोंद, करायचं आणि ती सात वर्षं सांभाळायची. त्यामुळे प्रत्येक कमी केलेलं वर्ष म्हणजे एक वाचलेला खड्डा. पण त्याच आठवड्यात बंगल्याची जाहिरात छापून आलेली असते : ‘आजोबांनी १९७० साली लावलेल्या हापूसच्या सावलीत तीन बेडरूमचा टुमदार बंगला.’ एजंटला वाटलं, भाव वाढेल. वाढतो ना! फक्त रोपांचा. २०२५मध्ये अर्ज केला तर पंचावन्न.

आणि जाहिरात नसती तरी वय फार लपत नाही. जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर खोडाला टेप गुंडाळतात. आलेल्या घेराला ३.१४ने भागलं की व्यास मिळतो. सहा फूट घेर म्हणजे तेवीस इंच व्यास. त्यावरून जातीप्रमाणे अंदाज बांधतात. पर्जन्यवृक्ष आणि गुलमोहर भराभर जाडी धरतात, म्हणून ते आहेत त्याहून वयस्कर दिसतात. चिंच सावकाश वाढते, म्हणून ती तरुण दिसते. मालकांना हा फरक माहीत नसतो, त्यामुळे ते गुलमोहराचं वय जाडी बघून प्रामाणिकपणे सांगतात आणि अकारण ज्यादा खड्डे खणतात.

याच हिशेबात आणखी एक आकडा भर घालतो. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२१ साली झाडाची किंमत काढायची रीत सुचवली : वयाच्या प्रत्येक वर्षाला ७४,५०० रुपये. तेव्हा सरन्यायाधीश होते नागपूरचे शरद बोबडे. या हिशेबाने पंचावन्न वर्षांचा आंबा ४० लाख ९७ हजार ५०० रुपयांचा होतो. ही समितीची सूचना, बाजारभाव नव्हे. पण हा आकडा कळल्यावर काका आंबा तोडायचं सोडून तो किमतीत धरता येईल का, ते एजंटला विचारतात. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा त्यांचा पहिला शहाणपणाचा विचार.

पण समजा, शहाणपण सुचलं नाही. मग जोडून सुट्ट्या शोधल्या जातात. कचेऱ्या बंद, करवत चालू. हा बेत फसतो, कारण करवतीला आवाज असतो आणि समोरच्या बाल्कनीत कॅमेरा. झाडाची नोंदही आधीच झालेली असते. कायद्याप्रमाणे दर पाच वर्षांनी वृक्षगणना व्हायची असते, आणि पुण्यासारख्या शहरात ती जीपीएसवर झाली आहे. झाडाची जात, घेर आणि जागा नकाशावर टिंबासकट असते. जुने उपग्रह फोटो तर कोणीही मोबाइलवर मागे सरकवत बघू शकतो. शिवाय ‘झाड होतंच कुठे?’ असं विचारणाऱ्या काकांनी जाहिरातीत बंगल्याचा जो फोटो दिला, त्यात आंबा बंगल्यापेक्षा मोठा आलेला असतो.

गुपचूप मारणारेही असतात. कोणी बुंध्याला भोकं पाडून ॲसिड ओततं, कोणी सालीची गोल पट्टी काढतं. साल गेली की पानांनी केलेलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही. मुळं उपाशी राहतात आणि वरचा डोलारा काही महिने हिरवाच दिसतो. नेमक्या त्या काही महिन्यांत विसार होतो, साठेखत होतं, खरेदीखत होतं. मग झाड वाळतं ते नव्या मालकाच्या ताब्यात, आणि नोटीस येते तेव्हा बुंध्यावरची भोकं त्याच्या दारात असतात. ‘मी नाही, आधीच्यांनी’ हे सिद्ध करत बसणं हा गृहप्रवेशानंतरचा त्याचा पहिला उद्योग. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ विक्रेत्याला महत्त्वाचे छुपे दोष उघड करायला सांगतं. भिंतीतली ओल काका सांगतील, बुंध्यातलं ॲसिड कोण सांगणार?

दंडाला हसण्याचे दिवसही गेले. कायद्यात दंडाबरोबर कैदही आहे. वृंदावनजवळ खासगी जागेत ४५४ झाडं विनापरवाना तोडली गेली. न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयां यांच्या खंडपीठाने मार्च २०२५मध्ये झाडामागे एक लाख, म्हणजे ४ कोटी ५४ लाख, दंड उचलून धरला. तो ताजमहालाभोवतीचा खास संरक्षित पट्टा, आपला कोथरूडचा आंबा त्यात येत नाही, असं म्हणून काका सुस्कारा सोडतात. सुस्कारा सोडावा. झाडावर करवत सोडू नये.

झाड गेलं तरी खुंट उरतो, हे लोक विसरतात. त्यावर माती लोटून पेव्हर ब्लॉक बसवतात आणि वर तुळशीवृंदावन ठेवतात. खाली मुळं कुजत जातात, ब्लॉक खचतात आणि वृंदावन एका अंगाला झुकतं. मेलेल्या लाकडावर वाळवी येते आणि मुळं संपली की दाराच्या चौकटीकडे वळते. जमीन काळ्या मातीची असेल तर आणखी गंमत. इतकी वर्षं झाड मातीतलं पाणी ओढत होतं, ते थांबल्यावर माती फुगते आणि पायाजवळ भिंतीला तडे जातात. मुळं पाया उचकटतील म्हणून झाड काढायचं आणि झाड काढल्यामुळे पाया हलायचा, असा हा व्यवहार आहे. खुंट काढायचाच तर पूर्ण खणून काढावा आणि खड्डा थराथराने माती दाबून भरावा.

मग कोणीतरी पुनर्रोपणाची टूम काढतं. ऐकायला फार सात्त्विक वाटतं. खोडाच्या व्यासाच्या आठ ते दहा पट रुंदीचा मुळांचा गोळा मातीसकट उचलावा लागतो. एक फूट जाडीच्या झाडाला तो नऊ फूट रुंद होतो आणि तीन फूट खोल धरला तरी वजन नऊ टनांच्या आसपास जातं. गोणपाटात बांधून तो क्रेनने उचलायचा, पण क्रेन शिरायला गल्ली पाहिजे आणि वर विजेच्या तारा नकोत. वड, पिंपळ जागा बदलली तरी बहुधा धरतात. जुना आंबा रुसतो. मोठं सोटमूळ तुटलं की तो वर्षभर जगल्याचं नाटक करतो आणि मग जातो. अर्थात अहवालात ‘पुनर्रोपण यशस्वी’ असं तोवर लिहून झालेलं असतं.

समजा, कारण खरं आहे, पाहणी झाली, हरकती मागवणारी नोटीस लागली, हरकती आल्या, त्यातून परवानगीही मिळाली. तरी त्याच दिवशी कुऱ्हाड लावायची नसते. परवानगीनंतर १५ दिवस थांबावं लागतं. आणि पावसाळा असेल तर आधी वर बघावं. बगळे आणि ढोकऱ्या यांची घरटी तेव्हाच असतात, आणि पिल्लं पडली तर १९७२चा वन्यजीव कायदा वेगळा दार ठोठावतो. तेव्हा प्रकरण वृक्ष अधिकाऱ्याकडून वनखात्याकडे बढती घेतं.

एवढं सगळं ऐकून कोणी मला विचारलं तर मी एवढंच सांगेन : विक्रेत्याने झाड तोडून देऊ नये. झाडासकट विकावं. ज्याला बांधायचं आहे त्याने आपल्या नकाशात झाड दाखवावं आणि आपल्या नावाने अर्ज करावा. बहुतेक वेळा वास्तुविशारदाला पोर्च पाच फूट सरकवायला सांगितलं तर गाडीही बसते. साठेखताला झाडांची यादी जोडावी. त्यात जात, घेर, गणनेचा क्रमांक आणि त्या तारखेचे फोटो असावेत, सालीचा जवळून काढलेला फोटोसुद्धा. विसार ते खरेदीखत या काळात कोणीही फांदीला हात लावणार नाही, असं कलम घालावं. ताबा देण्याआधीच्या तोडीबद्दल नोटीस आली तर ती विक्रेत्याची, हेही लिहावं. परवानगी काकांच्या नावावर निघाली असेल आणि मालकी मधेच बदलली, तर पुढे काय हे वृक्ष अधिकाऱ्याला लेखी विचारावं. तोंडी उत्तर देणारा माणूस बदलून जातो, लेखी राहतं.

आणि पंचावन्न रोपांचं आधीच ठरवावं. रोपांच्या हमीपोटी पालिकेकडे अनामत भरली काकांनी, खड्डे खणायचे नव्या मालकाच्या आवारात, तिथे जागा जेमतेम चार रोपांची, उरलेली एक्कावन्न पालिका दाखवेल त्या टेकडीवर. सात वर्षं फोटो कोण काढणार, मेलेल्या रोपाच्या जागी नवं कोण लावणार, अनामत परत आली तर कोणाच्या खात्यात जमा होणार, सगळं करारात नाव घालून लिहावं. मे महिन्यात टँकरचे पैसे कोणाचे, हे कलम लिहायला वकील हसतील. हसू द्या, पण लिहायला लावा.