माझी मावशी अर्ध्या चेहऱ्यानं हसते

हसू खरं की खोटं ते कॅमेऱ्यावरून ओळखणारा एक प्रोग्रॅम परवा लॅपटॉपवर चालवून बघितला. मी आरशात तालीम करून आणलेलं हसू त्यानं 'खरं' ठरवलं. व्हिडिओ कॉलवर मावशी मला बघून हसली, ते 'खोटं'.

या सगळ्याचं मूळ द्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरकडे जातं. चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे झटके देऊन त्यानं १८६२ मध्ये मांडलं की ओठांचे कोपरे आपण हुकमी वर ओढू शकतो, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदाशिवाय आवळला जात नाही. पुढे १९७८ मध्ये एकमन आणि फ्रीसन या मानसशास्त्रज्ञांनी चेहऱ्याच्या हालचालींना क्रमांक दिले. ओठांचे कोपरे वर ओढणं १२, डोळ्यांभोवतीच्या त्याच स्नायूनं गाल उचलणं ६. म्हणजे नुसतं १२ आलं की खोटं, सोबत ६ आलं की खरं. सोपं गणित! फक्त बरेच लोक ते ६ मुद्दाम आणू शकतात, हे नंतर लक्षात आलं. (माझी तालीम तीच होती.)

मग संशोधक वेळेकडे वळले. हसू किती भरभर उमलतं, किती टिकतं, कसं मावळतं. हे मला खरंच हुशारीचं वाटतं. ॲमस्टरडॅम विद्यापीठाच्या एका संग्रहात ४०० माणसांच्या १२४० क्लिप आहेत. पण त्यातलं 'खरं' ठरलं कसं? गमतीदार व्हिडिओ दाखवल्यावर आलेलं हसू उत्स्फूर्त, 'हसा' म्हटल्यावर आलेलं मुद्दामचं. यंत्र शिकलं ते एवढंच: या माणसाला हसायला सांगितलं होतं की नव्हतं. मनात काय होतं, ते कुठल्याच लेबलात नाही.

एमआयटीच्या २०१२ च्या प्रयोगात तर लोकांना मोठा फॉर्म भरायला लावून तो मुद्दाम पुसून टाकला. वैतागलेले बहुतेक जण हसले! सांगितल्याशिवाय, आपसूक. आता हे कुठल्या खणात टाकायचं? तिथल्या प्रोग्रॅमला आनंदाचं आणि वैतागाचं हसू वेगळं ओळखता आलं, माणसांना मात्र जवळजवळ नाही, हेही कबूल करतो. पण तिथे प्रश्न 'आनंद की वैताग' असा होता, 'खरं की खोटं' असा नव्हता.

आपल्या भाषेत कसनुसं हसू आहे, ओशाळं आहे, छद्मी आहे, गालातल्या गालातलं आहे. यातलं खोटं कुठलं? दिवसभर काउंटरवर उभं राहून हसणारी मुलगी फसवत नसते, ती नोकरी करत असते. तिच्या हसण्याला गुण देणारा कॅमेरा तिथे बसवणं मला निव्वळ उर्मटपणा वाटतो. युरोपियन युनियननं २०२५ च्या फेब्रुवारीपासून कामाच्या जागी आणि शाळांत भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर बंदी आणली, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळून. बरं केलं.

मावशीच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी आहे. त्या बाजूला ६ नाही आणि १२ही नाही. फार हसू आलं की ती तोंडावर हात धरते, मग कॅमेऱ्याला काहीच दिसत नाही.