इंग्रजीत लिहिताय? आधी कंपनीला विचारा!

मुलांच्या सँडलचं इंग्रजी माहितीपत्रक लिहून दिलं होतं. त्यात ‘वेल्क्रो सँडल’ हे दोन निरुपद्रवी शब्द होते. गिऱ्हाइकाच्या वकिलांनी ते लालेलाल करून परत पाठवलं. म्हणे, वेल्क्रो (ती चर्र करून उघडणारी पट्टी) हे ब्रँडचं नाव आहे, म्हणजे विशेषण, त्यापुढे ‘ब्रँड हुक-अँड-लूप फास्टनर’ हवंच. तर इंग्रजी लिहिणाऱ्या बंधुभगिनींनो, मनस्ताप टाळायचा असेल तर हे नियम पाठ करा.

ब्रँडचं नाव विशेषण म्हणूनच वापरा. नाम नको, क्रियापद तर नकोच. लोक त्या प्रकारच्या कुठल्याही वस्तूला तेच नाव द्यायला लागले, की कंपनीचा ट्रेडमार्कचा हक्क गेला. ओटिस कंपनीचं ‘एस्कलेटर’ 1950 साली असंच हातचं गेलं. तेव्हा पोराचा गुडघा फुटला, तरी आधी ‘बँड-एड ब्रँडची औषधी चिकटपट्टी आणा’ असं पूर्ण म्हणा. रक्त काय, थांबेल तेवढा वेळ.

जाहिरातीचं गाणं गुणगुणा, पण त्यातलं ब्रँडचं नाव उच्चारू नका.

आणि विशेषण करा म्हणाले म्हणून खरोखरचं विशेषण करू नका! पॅट श्रोडर या अमेरिकी खासदारबाईंनी 1983 साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या कारभाराला टेफ्लॉनचा (नॉनस्टिक तव्यावर असतो तो) मुलामा चढवला, कारण अध्यक्षांना काही चिकटतच नव्हतं. तेव्हापासून निसटणारा प्रत्येक पुढारी टेफ्लॉन. थातुरमातुर उपाय म्हणजे बँड-एड. फालतू संस्था म्हणजे मिकी माउस. आणि राबवून घेणारी, भविष्य नसलेली, तुटपुंज्या पगाराची नोकरी म्हणजे मॅकजॉब. 2003 साली हा शब्द मेरियम-वेबस्टरच्या अमेरिकी शब्दकोशात आला, तर मॅकडोनल्ड्सच्या प्रमुखांनी जाहीर पत्र लिहून निषेध केला. कोशवाले बधले नाहीत, ते बरंच झालं. अहो, शब्द झोंबतोय तर पगार वाढवा! कोशकारांच्या मागे काय लागता? लोक बोलतात तेच ते छापतात.

वेल्क्रोवाल्यांनी तर 2017 मध्ये ‘आमचं नाव असं घेऊ नका’ म्हणून विनवणाऱ्या वकिलांचं गाणंच काढलं. विनोदी आहे, हसलोही. पण मुळात हे चाललंय काय? नाव घराघरांत पोचावं म्हणून पैसा तुम्हीच ओतता. टीव्हीवर, बसवर, पोरांच्या दप्तरावर तेच. आणि ते आमच्या तोंडात बसलं की लाल पेन घेऊन येता? इंग्रजी काय तुमच्या तीर्थरूपांची इस्टेट आहे? वकील तुमचे, फी तुम्ही भरता, मग त्यांना वापरा ना नकली माल विकणाऱ्यांवर. आम्हाला कशाला व्याकरण शिकवताय?